वळणावरच्या हायड्रंटची जबानी

जरा इकडे, खाली बघा. रस्त्याच्या शेवटच्या वळणावर तोंडाला काळी पिशवी बांधून उभा केलेला मी हायड्रंट बोलतोय. पिशवीवर 'बंद' असं लिहिलंय ते पाण्याबद्दल. बोलण्याबद्दल अजून कुणी नियम केलेला नाही, तो व्हायच्या आत बोलून घेतो.

मी कोण हे तुम्हाला ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांच्या दारात मी इतकी वर्षं उभा आहे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुणाला मी टपालपेटीचा धाकटा भाऊ वाटलो, कुणाला गाडी मागे घेताना मुद्दाम आडवा येणारा दगड. मी आहे आगीच्या बंबाला पाणी पाजणारा नळ. बंबाच्या पोटात स्वतःचं पाणी असतं, पण मोठ्या आगीत ते बघता बघता संपतं. मग जवान माझ्या तोंडाला पाइप जोडतात, डोक्यावरचा दांडा पान्याने फिरवतात, आणि जमिनीखालच्या वाहिनीतलं पाणी माझ्यातून उसळून वर येतं. निदान तशी अपेक्षा असते.

माझा जन्म फाउंड्रीतला. रसरशीत लोखंड साच्यात ओतलं, थंड होऊ दिलं, साचा फोडला आणि मी बाहेर पडलो. म्हणजे आगीची आणि माझी ओळख बारशाच्याही आधीची. ओतकाम करणाऱ्या मिस्त्रीने माझ्या पाठीवर हातोडीने टण्‌कन मारून बघितलं. "कुठे चीर नाही, आवाज खणखणीत आहे," तो म्हणाला. "हा शंभर वर्षं बघतो." बघतो म्हणाला ते खरं ठरलं. बघण्याशिवाय मला फारसं काम मिळालं नाही.

ट्रकमधून मला डोंगरावर आणलं. खालचं शहर माणसांनी इतकं भरलं होतं की ते कढईतल्या दुधासारखं उतू जाऊन डोंगराच्या अंगावर चढत होतं. गर्दी आणि धूर यांना कंटाळलेली माणसं शुद्ध हवेसाठी वर आली, आणि येताना घरटी दोन-दोन गाड्या घेऊन आली. झाडांत राहायचं म्हणून त्यांनी आधी झाडं तोडली आणि मग कुंड्या विकत आणल्या. वसाहतीच्या शेवटच्या वळणापाशी मात्र जंगल तसंच राहिलं होतं. चिकट डिंकाची उंच झाडं, खाली गुडघ्याएवढं वाळलं गवत. घरं विकताना त्याला 'निसर्गाची कुशी' म्हणायचे. त्या कुशीच्या कडेला मला रोवलं.

मला रोवलं ते मानकांप्रमाणे. मानक म्हणजे काय, तर दोन हायड्रंटमध्ये अंतर किती, पाइप केवढा, दाब किती, टाकी केवढी, हे सगळं शहाण्या माणसांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. फक्त आमच्या वाटचं मानक खालच्या सपाट शहरासाठी ठरवलेलं होतं. एका वेळी एकच घर पेटेल, असं त्यात धरलेलं. वणवा आला तर तो डोंगर उतरून येईल, रांगेत उभा राहील आणि एकेक घर संपवूनच पुढे सरकेल, असा सगळ्यांचा आगीच्या शिस्तीवर विश्वास होता.

माझं उद्घाटनही झालं. पाहुण्यांना दुसरीकडे जायची घाई होती आणि डोंगराच्या पायथ्याचा पंप अजून बसायचा होता. म्हणून झाडांमागे टँकर उभा केला आणि त्याचा पाइप गुपचूप माझ्या बुडाशी जोडला. पाहुण्यांनी पाना फिरवला, पाणी उडालं, टाळ्या पडल्या. बाळाला आईच्या आधी बाटलीचं दूध मिळावं तशी माझी सुरुवात झाली.

मग मी वसाहतीच्या अध्यक्षांच्या नजरेस पडलो. गृहस्थ फरशांचे व्यापारी. सगळं जग एका रंगात, सांधे जुळवून बसवलेलं असावं असं त्यांना मनापासून वाटायचं. माझा लाल रंग त्यांच्या डोळ्यांत खुपला. त्यांनी मला सायीच्या रंगाचा केला, भिंतींना शोभेल असा. तरीही मी शोभेना, तेव्हा माझ्याभोवती फुलवेल लावली. वेल फोफावली आणि मी दिसेनासा झालो, तेव्हा कुठे त्यांना समाधान वाटलं. कुत्र्यांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. रंग बदलला, वेल आली, पण त्यांनी मला अंतर दिलं नाही.

माझ्या मागच्या घरात नर्सकाकू राहायच्या. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या, आवाज खडा, हात हलका. त्यांचे यजमान पूर्वी बस चालवायचे. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती, पण जिभेला वाऱ्याने हात लावला नव्हता. दिवसभर खिडकीशी पलंगावर पडून ते रस्त्यावरच्या वाहतुकीचं नियमन करायचे.

"बघ, बघ, त्या शहाण्याने पुन्हा नळासमोर गाडी लावली."

"तुम्हाला काय करायचंय? तुमच्या बसला अडचण होतेय का?"

"अगं, आग लागली म्हणजे?"

"तुमच्या तोंडाला फेस येईल आधी. उघडा तोंड, गोळी घ्या."

अशा त्यांच्या सुखी संसारात माझी काही वर्षं गेली.

मग वसाहतीच्या अग्निशमन ठाण्यावर एक नव्या प्रमुख बाई आल्या. जवान त्यांना मॅडम म्हणायचे, वसाहतीतले लोक बंबवाल्या बाई. आल्या त्याच आठवड्यात त्या हातात पाना घेऊन आमच्या रस्त्यावर शोधत फिरू लागल्या.

"इथे एक हायड्रंट असायला हवा," त्या अध्यक्षांना म्हणाल्या.

"आहे ना! तो काय, वेलीच्या आत. आम्ही त्याला किती सुंदर केलंय."

"सुंदर नाही हो, बेपत्ता केलाय."

"बाई, लाल रंग डोळ्यांत भरतो फार."

"त्यासाठीच तो लाल असतो, अध्यक्षसाहेब."

बाईंनी वेल कापली आणि मला पुन्हा लाल केलं. बाईंची बदली होते का हे बघत अध्यक्ष थोडे दिवस थांबले, मग वेलीला पुन्हा पाणी घालू लागले. बाईंना स्वभावाने गोड म्हणता येणार नाही. त्या चिडक्या होत्या, बैठकीत मध्येच बोलायच्या, आणि आपलं म्हणणं कुणी ऐकलं नाही की तेच पुन्हा वरच्या पट्टीत सांगायच्या. त्यामुळे त्यांचं कुणीच ऐकायचं नाही.

तरी त्यांनी एकदा सगळ्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं. पाणी मंडळाचे अभियंता, शहराच्या अग्निशमन दलाचे अधिकारी, अध्यक्ष आणि त्यांच्यावर छत्री धरणारा माणूस.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "ह्याच्या तोंडाला आटे आहेत. पाइप फिरवून बसवावा लागतो. शहराच्या बंबांचे पाइप नुसते दाबून बसतात. वणवा आला तर शहराचे बंब मदतीला येणार. येऊन ते करणार काय?"

"आमचं मानक नवं आहे," शहराचे अधिकारी म्हणाले. "तुम्ही बदला."

"आमचं मानक आधीचं आहे," अभियंता म्हणाले. "त्यांनी बदलावं."

आईला कुणी सांभाळायचं यावरून दोन भावांनी भांडावं, आणि ती तिथेच बसून ऐकत असावी, तशी माझी गत झाली. माणसांनो, आटे माझे जुळत नव्हते, पण ढिले कुणाचे होते?

बाईंनी घसा ताणला. "टाकी एका घराच्या आगीपुरती आहे. वणव्यात पन्नास घरं एकदम पेटतात. आणि पंपाला जनरेटर नाही. वणवा आला की आधी वीज जाते."

"वीज जाणं आमच्या अखत्यारीत येत नाही," अभियंता म्हणाले.

चर्चा पाण्यावर सुरू झाली आणि माझ्या टोपणाच्या रंगावर संपली. टोपण पिवळं असावं की हिरवं, यावर मात्र सगळ्यांना मत होतं. शेवटी हिरवं ठरलं. मधला जोड, म्हणजे एका बाजूला आटे आणि दुसऱ्या बाजूला दाबून बसणारं तोंड असलेला पितळी तुकडा, बाईंनी प्रत्येक बंबासाठी मागितला होता. नमुन्यादाखल एक मंजूर झाला. आमच्याकडे तहान लागल्यावर विहीर खणतात, असं उगीच बोलू नये कुणी. विहिरीसाठी समिती नेमतात.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. गवत इतकं वाळलं की वाऱ्याने ते कागदासारखं वाजायचं. आणि एका दुपारी डोंगरामागून धूर वर आला. कुणी म्हणालं कचरा पेटवला, कुणी म्हणालं विजेची तार तुटली. वणव्याला मायबाप नसतात. तो आला की प्रत्येक जण म्हणतो, आमचा नाही.

भोंगा वाजला, घरं सोडा असं सांगत ठाण्याची गाडी फिरली, आणि सगळ्या वसाहतीला एकाच वेळी एकच रस्ता आठवला. दोन-दोन गाड्या असल्याने एक नवऱ्याने काढली, एक बायकोने. निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या छपरावरचे, बागेतले फवारे चालू केले. आपलं घर तरी भिजलेलं राहावं, एवढीच साधी इच्छा. साध्या इच्छांची बेरीज झाली आणि टाकी तळाकडे निघाली.

बाई कुऱ्हाड घेऊनच आल्या. माझ्या अंगावरची वेल त्यांनी सपासप तोडली. शहराचा पहिला बंब गाड्यांच्या गर्दीतून वर चढून आला. एका जवानाने पाइप माझ्या तोंडाला लावला, दाबला, पुन्हा दाबला.

"मॅडम, बसत नाही!"

"बसणारच नाही. हे घे." बाईंनी खिशातून तो पितळी नमुना काढून त्याच्या हातात कोंबला.

पाना फिरला. माझ्या पोटात काहीतरी गडगडलं, गंजाचं लाल पाणी ओकलं गेलं, आणि मग स्वच्छ, थंड, जोरदार पाणी आलं. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. इतकी वर्षं मी खांब होतो. त्या क्षणी मी हायड्रंट झालो.

पण दाब कमी होता. बाईंनी वर पाहिलं. अध्यक्ष पळाले नव्हते. छपरावर उभे राहून ते स्वतःच्या घरावर पाणी मारत होते, आणि खाली त्यांच्या हिरवळीवर फवारे गोल गोल नाचत होते.

"अध्यक्षसाहेब, मुख्य नळ बंद करा! गल्लीतल्या सगळ्या घरांचा नळ तुमच्या आवारात आहे!"

"माझं घर जळेल!"

"जळेल कदाचित. पण खालच्या वळणावर गाड्या अडकल्यात, दोन्ही बाजूंची झाडं पेटलीत. त्यांत माणसं आहेत हो!"

अध्यक्षांनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा वळणाकडे. आयुष्यभर सांधे जुळवत आलेला माणूस, पण हा सांधा त्यांना जुळवता येईना. मग शिडीवरून धडपडत उतरले आणि नळ बंद केला. माझ्यातलं पाणी एकदम ताठ झालं. त्यांची थट्टा मी पुष्कळ केली आहे आणि पुढेही करणार आहे, पण हे त्यांच्या नावावर असू द्या.

तेवढ्यात नर्सकाकूंच्या घरातून दोन जवान काकांना स्ट्रेचरवर घेऊन बाहेर पडले. रुग्णवाहिका वळणाखाली अडकली होती, तिथवर चालतच जायचं होतं. अध्यक्षांनी धावत जाऊन पायाकडची एक बाजू धरली. काका आडवे पडूनही गप्प नव्हते. "डावीकडून घ्या! उतारावर घाई करू नका! अरे, तुमच्यात लायसन कुणाकडे आहे?"

काकू मागे वळल्या. त्यांच्या छपराच्या कोपऱ्यावर ठिणगी पडली होती. एवढीशी. ओल्या फडक्याने विझावी अशी.

"बाई, इकडे मारा!" त्या ओरडल्या. "नळ माझ्या दारात आहे! एकदा फिरवा पाइप, लगेच विझेल!"

बाईंनी पाइप धरलेल्या जवानाकडे पाहिलं. पाणी एकच होतं. ते वळणावरच्या झाडांवर पडत होतं म्हणून गाड्या पुढे सरकत होत्या.

"वळणावरच ठेव," बाई म्हणाल्या.

"अगं, माझं घर आहे ते! समोर आहे! दिसत नाही का तुला?"

"दिसतंय, काकू."

"मग?"

बाई जवानाकडे वळल्या. "वळणावरच ठेव," एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या. या खेपेला आवाज चढला नाही. काकूंनी त्यांचा दंड धरून ओढला, पाठीवर एक बुक्कीही मारली. मग खालून काकांची हाक आली, "अगं, येतेस का आता?" आणि त्या खाली धावल्या. मागे त्यांचं छप्पर वाळल्या पाचोळ्यासारखं पेटलं. मी त्यांच्या फाटकाला टेकून उभा होतो. माझ्या पोटात पाणी होतं. माझ्या पाठीला त्यांच्या घराची धग लागत होती. असं उभं राहायला कुठल्या मानकात शिकवत नाहीत.

रुग्णवाहिका निघाली. गाड्या वळणावरून एकामागून एक उतरत राहिल्या. शेवटच्या काही उरल्या असताना पायथ्याची वीज गेली, पंप थांबला आणि मी खोकलो. दोन-तीन उचक्या, थोडा फेस, मग नुसती हवा. झाडं भिजलेली होती, त्या ओलीवर उरलेल्या गाड्याही पार झाल्या. बाईंनी पाइप खाली ठेवायला सांगितला आणि सगळ्यांना माघारी घेतलं.

वारा फिरला आणि अध्यक्षांचं घर वाचलं. हिरवळसुद्धा वाचली. वाऱ्याला न्यायाची मानकं लावायची राहून गेली आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी, 'ऐन वेळी हायड्रंट कोरडे!' माझा फोटोही छापला होता. फोटोत मी एकटाच होतो, कारण जबाबदारी घेताना फोटोत गर्दी होत नाही. चौकशी समिती आली, सावलीच्या टोप्या घालून. पाणी मंडळ म्हणालं, पंप ठणठणीत होता, वीज नव्हती. वीज मंडळ म्हणालं, आगीत तारा चालू ठेवणं धोक्याचं म्हणून नियमाने बंद केल्या. शहराचं दल म्हणालं, आमचे बंब वेळेवर पोचले, जोड बसले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, हायड्रंट कोरडे पडले हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सगळे खरं बोलत होते. इतक्या खरेपणातून माझ्याशिवाय दोषी कुणी सापडेना. बाईंनी तेच जुनं म्हणणं पुन्हा मांडलं, आणि ते प्रथमच कुणीतरी लिहून घेतलं. त्यासाठी पन्नास घरं जळावी लागली.

मग नवीन मानक आलं. खोटं कशाला बोलू, उत्तम आहे. शहराला आणि डोंगराला एकच जोड, वणव्याचा हिशेब धरून मोठी टाकी, पंपाला स्वतःचा जनरेटर, हायड्रंटभोवती मोकळी जागा. काम टप्प्याटप्प्याने होणार आहे. पहिला टप्पा जुने हायड्रंट बंद करण्याचा होता, तो वेळेआधी पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्याची सगळे आतुरतेने वाट पाहत आहेत. म्हणून ही पिशवी. गवत पुन्हा वाढलं, पुन्हा वाळलं. जंगलाला कुणी तेवढं थांबायला कळवलं असेल, अशी आशा आहे.

नर्सकाकू काकांना घेऊन भाचीकडे राहत होत्या. बाई दर आठवड्याला तपासणीला यायच्या, काकू कधी जळक्या जागेवर आलेल्या असायच्या. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. असे कितीतरी महिने गेले. परवा काकू आल्या तेव्हा सोबत गवंडी होता. तो दोरी लावून मापं घेत होता. बाई माझ्या तोंडावरची सुटलेली पिशवी बांधत होत्या. काकू जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तू त्या दिवशी बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "पण मला अजून राग येतो."

"येऊ दे, काकू."

"दवाखान्यात मीही केलंय असं. एकाला सोडून दुसऱ्याकडे धावलेय. सोडलेल्याच्या बाजूला कधी उभी नव्हते, एवढंच."

बाई पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिल्या.

"एक विचारते, खरं सांग. पुन्हा लागली तर ह्यातून पाणी येईल?"

"नाही. अजून नाही."

"नवीन कधी बसणार?"

"मला सांगितलंय लवकरच. तेच तुम्हाला सांगायचं माझ्या जिवावर येतं."

"मग घर बांधू की नको?"

बाईंनी वर जंगलाकडे पाहिलं, मग खाली शहराच्या धुराकडे. "बांधा," त्या म्हणाल्या. "पण गाडी लावताना तोंड उताराकडे करून लावत जा. आणि किल्ली गाडीतच ठेवा."

गवंड्याला दोरी गुंडाळायला सांगून काकू रस्त्यावर गेल्या.

माझं मागणं फार नाही. माझ्या जागी जो येईल त्याचं सगळ्यांनी मिळून जरूर कौतुक करा, पण त्याआधी एकदा पाना लावून बघा, पाणी येतं का. आणि येत नसेल, तर तसं लोकांना सांगा. खोट्या भरवशापेक्षा कोरडा नळ परवडला, तो निदान माणसाला वेळेवर पळायला लावतो.

तिकडे काकूंची जुनी गाडी घरघरत सुरू झाली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. अरुंद रस्त्यावर वळवताना त्यांना बराच त्रास झाला. शेवटी ती तोंड उताराकडे करून फाटकाशी नीट उभी राहिली. एवढ्या सगळ्या मानकांपैकी या डोंगरावर कुणी पाळलेलं मी पाहिलं, ते तेवढं एकच.